गाडीत पाणी शिरतं कुठून

आक्काच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमची व्हॅन नुकतीच तयार झाली होती. नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात विजेचे पॅनल जोडण्यात माझी सगळी नोकरी झाली, आमचे हे शाळेत शिक्षक. दोघंही निवृत्त झाल्यावर एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून तिथं झोपायला फळ्या ठोकल्या, वर गादी टाकली, शेगडीपुरता ओटा केला. वाटेल तिथं थांबावं, तिथंच भात टाकावा, तिथंच झोपावं, एवढीच हौस. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "आइस्क्रीमची गाडी काढली काय?"

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अकोले तालुक्यात डोंगराच्या पोटाशी तिची भातशेती. ऑपरेशननंतर तिला तपासणीसाठी अधूनमधून नगरला आणायचं होतं आणि जीपमध्ये पाय दुमडून बसणं तिला जमत नव्हतं. आमच्या गाडीत ती आडवी झोपून येऊ शकत होती. त्यामुळे तिला आणायचं काम आम्ही आनंदानं घेतलं.

पहिल्याच खेपेला घात झाला. रात्रभर गाडी तिच्या अंगणात पावसात उभी होती. सकाळी तिला गादीवर झोपवून निघालो. गावाबाहेरच्या चढावर इंजिनानं दोनचार गचके दिले आणि बंद पडलं. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी उतरली. शेवटी दुधाचा टेम्पो आला. चौघांनी आक्काला उचलून त्यात ठेवलं, तेव्हा ती जी ओरडली ते अजून कानात आहे. नगर राहिलं बाजूला, टेम्पो तिला घरीच घेऊन गेला.

संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "आता मला न्हाई यायचं. हाडाचं काय व्हायचं ते हुईल. लई हाल झालं बघ."

"तू येणार आहेस आक्का. आणि याच गाडीतनं येणार आहेस," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, बॅटरी चार्ज केली आणि गाडी मुकाट सुरू झाली. मेकॅनिक म्हणाला, "ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला पाणी लागलं होतं. वाळली की चालते." यांनी तर घरी येईपर्यंत ठरवूनच टाकलं होतं. "विकून टाकू या गं."

"अहो, पाणी येतं कुठून हे कळल्याशिवाय मी विकू देणार नाही."

नगरला पावसाचा पत्ता नव्हता. मी बॅटरीची वायर सोडली, पुढची सीट उचलली. इंजिन तिच्याखालीच असतं. कॉइल आणि तिथले जोड चिकटपट्टीनं घट्ट गुंडाळले. यांनी नळीनं गाडीवर भरपूर पाणी मारलं. गाडी झकास चालली. सकाळी मात्र सुरूच होईना. पट्टी सोडली तर आत पाणी साठलेलं. जे बाहेर ठेवायचं तेच मी आत कोंडून ठेवलं होतं.

मग सगळं पंख्याखाली वाळवलं आणि वायरींच्या वाटेवर वरपासून खालपर्यंत रांगोळी भुरभुरली. "आता चाकांपाशी मारा," मी यांना म्हटलं. रांगोळी कोरडीच राहिली. "आता काचेवर." आणि बघता बघता रांगोळीतून पाण्याची बारीक रेघ खाली उतरली. पाणी चाकांकडून उडत नव्हतंच. वायपरखालच्या पन्हळीत पालापाचोळा कुजून पाणी जायचं भोक बुजलं होतं. तुंबलेलं पाणी वायरींचा जुडगा जिथून आत येतो तिथल्या चिरलेल्या रबरातून शिरायचं आणि वायरीवरून घरंगळत थेट कॉइलच्या जोडात जायचं.

"सापडलं!" हे माझ्याआधी ओरडले. विकायचा विषय तिथंच संपला.

पन्हळ साफ केली, नवं रबर बसवलं. जोडांवर चढलेला हिरवा गंज ब्रशनं घासून काढला आणि विजेच्या जोडांना लावतात ते ग्रीस भरलं. कॉइल थोडी वर उचलून बसवली. प्रत्येक वायरीला जोडाच्या अलीकडे खाली झोल दिला, म्हणजे थेंब आलाच तर झोलावरून खाली गळून जाईल. नंतर यांनी रोज गाडीला आंघोळ घातली आणि मी रोज किल्ली फिरवली. एकदाही ती अडली नाही, तेव्हा आक्काला फोन केला.

"पाऊस थांबू दे की," ती म्हणाली.

"नाही. पावसातच येते."

गेलो तेव्हा डोंगर दिसत नव्हता. गाडी मुद्दाम उघड्यावर उभी केली. सकाळी आक्का वॉकर धरून दारात उभी राहिली. "आधी चालू करून दाव. मगच चढते." मी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला इंजिन लागलं. ओढ्यावरच्या पुलावरून पाणी वाहत होतं, तिथं मात्र मी गाडी घातली नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबलो. ग्रीस लावलं म्हणून गाडीची होडी होत नाही. दुपारी नगरला पोहोचलो. हाड नीट जुळतंय, डॉक्टर म्हणाले.

परत जाताना आक्का गादीवर उशीला टेकून उठून बसली होती. भंडारदऱ्याचा फाटा आला तशी म्हणाली, "आगं, जरा धरणाकडनं घे. इतकी वर्सं इथं राहते, पर नुसतं बघायला म्हणून कवा गेलेच न्हाई."

मी गाडी वळवली.