शहाबादी फरशीचं वय

आमच्या घरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. ‘बघ बाई, तुला जमत असेल तर’ एवढंच म्हणतात आणि मग आपल्याला कसं जमत नाही ते शांतपणे बघत बसतात. यंदाच्या उन्हाळ्यात माझं तेच झालं.

मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. शिकले मात्र भूगर्भशास्त्र. माझी जुनी वर्गमैत्रीण आता संशोधक आहे. ती कर्नाटकात चित्रदुर्गाकडे एक तुकडी घेऊन निघाली होती. तिथल्या डोंगरांत अडीच अब्ज वर्षांहून जुने दगड आहेत. त्यांत जे पापुद्रे दिसतात ते सूक्ष्म जिवांच्या चिकट सायीवर गाळ बसत गेल्याने झालेले, म्हणजे जीव नावाच्या प्रकाराची अगदी जुनी खूण. तिने मला बोलावलं, वर म्हणाली, काम जमलं तर पीएचडीला नाव घाल. चाळिशी उलटल्यावर असं बोलावणं पुन्हा येत नसतं. मी हरखून बॅग काढली, आणि त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. मंद्रूपला दिलेली नणंद येऊन आठवडाभर राहून गेली. जाऊ का विचारलं तर नवरा म्हणाला, ‘बघ, तू ठरव.’ नणंद निघताना म्हणाली, ‘वहिनी, तुमी काय ते बघा की.’ आणि दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं: यातलं काही सासूबाईंच्या कानावर घालायचं नाही. आजारी माणसाच्या जिवाला घोर नको. मीही मान डोलावली. मैत्रिणीला येत नसल्याचं कळवलं, तिने माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. भांडायचं तर कुणाशी? सगळेच इतके चांगले वागत होते. मग पलंगावर पडलेल्या सासूबाईंवरच मी मनातल्या मनात चिडायला लागले. त्यांचं अंग पुसताना, त्यांना कुशीवर वळवताना, सारखं वाटायचं की यांनीच मला अडकवून ठेवलंय.

त्यांची स्वतःची तगमग वेगळीच होती. सोलापूर चादरींचं गाव खरं, पण उन्हाळ्यात दुपारी अंगाखाली चादर घेणाऱ्याला आम्ही वेड्यात काढतो. शहाबादी फरशीवर पाणी मारायचं, पुसायचं आणि तशीच पाठ टेकायची. सासूबाईंनी जन्मभर तेच केलेलं. आता डॉक्टरांनी जमिनीवर झोपायला सक्त मनाई केलेली, आणि त्या गादीवर घामाने निथळत पलंगाखालच्या फरशीकडे बघत राहायच्या. ‘मला खाली घ्या,’ असं त्या एकदा म्हणाल्या, तर नणंद रडायलाच लागली. आमच्याकडे खाली घेतात ते शेवटच्या घटकेला.

एका दुपारी मला ते बघवेना. परसात उरलेल्या फरशीचा एक तुकडा भिंतीला टेकवून ठेवला होता. तो धुतला, हौदात भिजवला, पुसून पलंगावर उशीजवळ, त्यांच्या हाताशी ठेवला. त्यांनी आधी तळवा ठेवला, मग हळूच मान कलती करून गाल टेकवला आणि डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा निवला.

मग विचारलं, ‘ह्यो दगुड इतका गार कसा गं?’

मी सांगायला लागले. आपल्या रानातला काळा दगड लाव्ह्याचा, तो त्यामानाने कालचा. ही फरशी त्याच्याहून किती तरी जुनी, एका उथळ समुद्राच्या तळाचा गाळ. तेव्हा मासे नव्हते, शिंपले नव्हते, जमिनीवर गवताची काडी नव्हती. त्याच्याही आधी पृथ्वी नुसती तापलेली, मग कधीतरी निवली, पाणी साठलं आणि त्या पाण्यात कुठेतरी जीव धरला. कसा धरला ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. पुढे पृथ्वीच्या निम्म्याहून जास्त आयुष्यात नुसते डोळ्यांना न दिसणारे जीव आणि त्यांची साय; तिचे पापुद्रे चित्रदुर्गाकडच्या जुन्या दगडांत अजून दिसतात.

‘इतका येळ नुसती साय?’ त्या हसल्या. ‘आन मी महिनाभर पडले तर घरात किती कालवा.’ मग म्हणाल्या, ‘लई जीव लावून सांगतीस. ते जुनं दगुड तू बघितलंस?’

‘नाही. बोलावणं आलं होतं,’ मी म्हणाले. ‘ते लोक काल गेले.’

त्यांनी गाल उचलला. मी का गेले नाही हे विचारायची त्यांना गरजच पडली नाही.

‘मला कुणी सांगितलं न्हाय,’ त्या म्हणाल्या. ‘माजं हाड मोडलंय, तोंड न्हाय. इचारायचं हुतं की. जा म्हनले असते. पोरीला बोलवून घेतलं असतं महिनाभर.’

मी म्हणाले, तुम्हाला त्रास नको म्हणून.

‘मला डाक्टरनं बांधलंय,’ त्या म्हणाल्या. ‘तुला मी न्हाय बांधलं. माजं नाव घेऊ नगंस.’

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. नको जाऊस म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. इतके दिवस निदान चिडायला त्या होत्या.