कल्लाप्पाण्णांची तबकडी आणि घूं

कल्लाप्पाण्णांनी वडगावात उभा जन्म यंत्रमागावर साड्या विणल्या, आणि माग विकल्यावर पहिलं काम काय केलं, तर खडेबाजारातल्या एका जुन्या सामानवाल्याकडून रेकॉर्ड प्लेअर उचलून आणला. सोबत माझ्या कमरेइतके उंच दोन स्पीकर. आमची सगळी गल्ली मोबाईलवर गाणी ऐकत असताना हा माणूस ताटाएवढी तबकडी हातात धरून तिच्यावर फुंकर घालतोय, हे बघून मी त्यांना वेड्यातच काढलं होतं. अजूनही पुरतं बाहेर घेतलेलं नाही.

त्यांची इच्छा मात्र एवढीशी होती. त्यांच्या बायकोनं, यल्लव्वावहिनींनी, शेजारी बसून एक गाणं पुरं ऐकावं. तेही कुठलंही नव्हे, त्यांच्या लग्नात कर्ण्यावर वाजलेलं. ती तबकडी अण्णांनी कुठून कुठून शोधून मिळवली होती. आणि वहिनी काही बसत नव्हत्या.

"आदी त्यातलं घूं काडा," त्या म्हणायच्या. "जलमभर मागाची घरघर ऐकली. आता गाण्यात बी त्येच व्हय?"

घूं होतं, हे मलाही मान्य करावं लागलं. गाण्याच्या तळाशी एक जड आवाज सतत घुमायचा, कानाला कमी आणि छातीला जास्त. स्पीकरचे काळे पडदे तर सुई टेकल्याबरोबर, गाणं सुरू व्हायच्या आधीपासूनच आत-बाहेर व्हायचे.

"दमा हाय तुमच्या डब्याला," वहिनींनी निदान केलं.

अण्णांनी उपाय करायचे तेवढे केले. मागाखालचे रबराचे तुकडे प्लेअरखाली गेले, मग सायकलच्या ट्यूबा, मग वाळूची परात. खडेबाजारवाल्यानं एक बटण दाखवलं, ते दाबलं की खालचा आवाजच कापला जातो. घूं गेलं, पण ढोलकीही गेली. "भातात खडा लागला म्हून भातच फेकायचा काय रं?" अण्णा माझ्यावर खेकसले, जणू ते बटण मीच बसवलं होतं.

मग संशय गेला शेजारच्या मष्णूवर. त्याचे माग अजून चालतात आणि त्यानं जमीन हादरते, हे खरं. अण्णा भांडायच्या तयारीनंच गेले. मष्णू भला माणूस. त्यानं चालते माग बंद केले आणि स्वतः ऐकायला आला. अण्णांनी सुई टेकवली. घूं!

"आता कुनाचं नाव घ्यायचं, अण्णा?" एवढं बोलून मष्णू चहा न घेताच गेला. अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मनसोक्त बघून घेतलं.

वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खड्ड्यावर ठेवलासा, घुमणारच की."

अण्णांचे वडील हातमागावर विणायचे. त्या मागाला जमिनीत खड्डा लागतो. विणकर काठावर बसून पाय आत सोडतो. तो माग गेला आणि खड्ड्यावर शहाबादी फरशी आली. वडिलांची बैठक, म्हणजे घरातली सगळ्यात मानाची जागा, म्हणून अण्णांनी प्लेअर नेमका तिथंच मांडला होता. खाली सगळं पोकळ! स्पीकर वाजले की फरशी थरथरायची, ती थरथर सुईला लागायची आणि सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये यायची.

"आनि हे तू आत्ता सांगतीस?"

"तुमी इचारलासा कवा?"

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णांनी स्वयंपाकघराच्या जाड भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकले. वहिनींनी कुरकुरत आपली भांड्यांची मांडणी हातभर सरकवली, आणि प्लेअर जमीन सोडून फळीवर जाऊन बसला. सुई टेकली. स्पीकरचे पडदे गप्प. मग नुसतं गाणं आलं, आणि ते मला इतकं आवडलं की चेष्टा करायचंही सुचलं नाही.

वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि खरोखरच बसल्या. अण्णा लाजले. सत्तरीतला माणूस एवढा लाजलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

एक कडवं झालं असेल-नसेल, वहिनी बोलायला लागल्या.

"मंथन पयल्यांदा आपल्या पायानं चालला, तवा मी शेडच्या दारातनं तुमास्नी हाका मारत हुते."

मंथन त्यांचा मुलगा. आता पुण्यात नोकरी करतो, त्याचीच पोरं शाळेत जातात. मागांच्या शेडमध्ये माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. तिथं सगळा संसार हातवाऱ्यांवर चालतो.

"लई हात हालवून बोलवलं. तुमाला वाटलं, च्या झालाय म्हून सांगतीया. तुमी पंजा दावलासा, थांब म्हून. मी थांबले. तवर त्यो खाली बसला."

"मग सांजच्याला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं की. तवा बी माग चालूच हुतं."

गाणं ऐन रंगात आलं होतं. ज्या गाण्यासाठी अण्णांनी जिवाचा एवढा आटापिटा केला, त्यावरची सुई त्यांनी हलकेच उचलून बाजूला ठेवली.

"सांग," ते म्हणाले. "कुठनं कुठवर चालला?"

वहिनी उठल्या आणि उंबऱ्यापासून चालून दाखवू लागल्या.