पहिल्या पानाचा हेडर

माझी मावशी लिफ्टमध्ये चढत नाही. गुडघे बोंबलत असतात, मधे दोनदा टेकते, पण आमचे सहा मजले चढून येते आणि दारात आधी पाणी मागते, मग बोलते. आईला वाटतं, बहिणीचं डोकं फिरलंय. मला तसं वाटत नाही. का ते सांगायचं तर तिच्या नोकरीपासून सुरुवात करावी लागेल.

लिफ्टची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत मावशी अकरा वर्षं टायपिस्ट होती. इमारतीचा पत्ता, लिफ्टचा नंबर, दोर कधी बदलला, ब्रेक कसा आहे, असा चार पानी रिपोर्ट ती बनवायची. पुढे हे काम ऑनलाइन झालं. म्हणजे फाइल इंटरनेटवर. ऑफिसातल्या कुणीही आपल्या खुर्चीतून उघडावी, आणि कोण कुठे हात घालतोय ते इतरांना तिथल्या तिथे दिसावं. बाकीच्यांनी नाकं मुरडली, मावशी मात्र रमली. त्यातही तिचा जीव हेडरवर. पानाच्या डोक्यावर एकदा ओळ लिहिली की ती प्रत्येक पानावर आपोआप उमटते, याचं तिला कोण कौतुक! अक्षर केवढं, रेघ कुठे, पानाचा नंबर उजवीकडे की मधे, यावर ती जेवताना बोलायची. आम्ही तिला हेडरमास्तरीण म्हणायचो.

तिची एक पद्धत होती. तपासनीस दोनच आणि लिफ्ट दोनशेच्या वर. म्हणून गेल्या वर्षीची माहिती घालून ती रिपोर्ट आधीच तयार ठेवायची आणि हेडरमध्ये लाल अक्षरांत लिहायची, 'तपासणी बाकी'. तपासनीस जाऊन आला, त्याने नवी माहिती दिली, की ती भरून लाल शब्द स्वतः पुसायची. दुसऱ्या कुणाला पुसू द्यायची नाही. लाल हेडरचा एकही कागद ऑफिसाबाहेर गेला नव्हता.

मग नवे मॅनेजर आले. दर वाक्यात 'टापटीप हवं' म्हणायचे, म्हणून मावशीने त्यांचं नाव टापटीप ठेवलं.

"बाई, सहीला फाइल उघडली की आधी हे लालभडक दिसतं. पहिलं पान तरी स्वच्छ ठेवा ना."

"त्यात काय! एक टिक केली की झालं," मावशी म्हणाली, आणि मोठ्या हौसेने दाखवलं. हेडरमध्ये क्लिक करायचं, 'पहिलं पान वेगळं' या चौकोनात टिक करायची. पहिल्या पानावर फक्त कंपनीचं नाव, लाल अक्षरं दुसऱ्या पानापासून. हौसेला मोल नसतं म्हणून की काय, तिने ती टिक प्रत्येक फाइलमध्ये करून दिली. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मीच तिला शाबासकी दिली होती. आता ती आठवली की मला माझीच लाज वाटते.

कारण लिफ्टमध्ये काचेमागे एकच पान लावतात. पहिलं.

दोन महिन्यांनी मावशी लेकीकडे गेली. ही माझी मावसबहीण, ताई, नवव्या मजल्यावर राहते. तेव्हा तिला आठवा महिना होता. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे लिफ्टने गचका खाल्ला, वर काहीतरी कुरकुरलं.

"हिचं नेहमीचंच आहे गं," ताई म्हणाली.

मावशीने काचेकडे बघितलं. तिचंच पान, तिचीच रेघ, त्याच महिन्याची तारीख, टापटीपांची सही. या इमारतीत तपासनीस गेलेलाच नव्हता. लाल अक्षरं तिनेच घातली होती आणि अजून पुसली नव्हती.

"आजपासून लिफ्टने जायचं नाही."

"आई, या पोटाने नऊ मजले चढू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टापटीपांना गाठलं. ते शांतच होते. "तपासनीस जाणारच आहेत हो. तारखा पाळाव्या लागतात. आणि हेडरची टिक तुम्हीच केलीत ना? मी फक्त सही केली."

असे किती पाठवले, ते त्यांनी सांगितलं नाही. मावशीच्या हिशेबाने एकेचाळीस बाकी होते.

ती जागेवर आली. ताईच्या इमारतीचा रिपोर्ट उघडला, टिक काढायला गेली, तर अक्षरसुद्धा हलेना. वर पाटी होती, 'फक्त पाहण्याची परवानगी'. निदान छापता तरी येतंय का बघावं म्हणून तिने दुसरं पान छापलं. ते आलं, लाल हेडरसकट. कागद घेऊन वळली तो पडद्यावर हेडरमध्ये दुसराच कर्सर उभा, त्यावर टापटीपांच्या नावाची चिमुकली पाटी. तिच्या डोळ्यांदेखत तो एकेक अक्षर खात मागे सरकला. दुसरं, तिसरं, चौथं पान, सगळ्यांवरची लाल अक्षरं एकदम गेली. तिने पुढची फाइल उघडली, तिचाही हेडर कोरा होता. दुपारपर्यंत फाइली उघडायच्याच बंद झाल्या आणि संध्याकाळी नोकरीही गेली.

ते एक पान तिने ताईच्या लिफ्टमध्ये चिकटवलं. रहिवाशांनी इमारत डोक्यावर घेतली, बाहेरचा मेकॅनिक बोलावला. दोराचे निम्मे पीळ तुटलेले निघाले. त्याने तिथेच लिफ्ट बंद केली आणि जिन्याने खाली उतरला. ताईची मुलगी आता चालायला लागलीय.

उरल्या चाळीस. मावशीने सरकारी खात्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, पुरावा जोडा. पुरावा म्हणजे ते एक पान, आणि ते तर नवा दोर लागल्यावर इमारतीच्या सेक्रेटरींनी फाडून टाकलं होतं. तिला सहा पत्ते आठवत होते, ती सहाही ठिकाणी गेली. दोघांनी ऐकलं, बाकीच्यांनी काचेकडे बोट दाखवलं. आमच्या सोसायटीत मी दोनदा विषय काढला, तेव्हाही तेच झालं.

काल मावशी आली, तेव्हा मी तिला घ्यायला खाली गेले होते. आमची लिफ्टही मावशीच्याच कंपनीकडे, फक्त तो कागद तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराशेजारी लावलाय. आजवर विचारायचा धीर झाला नव्हता, काल विचारलं.

"मावशी, आमची होती का गं त्या चाळिसांत?"

तिने चष्मा पुसला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"यावरून नाही गं कळायचं. पहिली पानं मीच सगळी सारखी केलीत."

तेवढ्यात लिफ्टच्या दारावर आकड्याचा दिवा लागला. आईचे गुडघे मावशीहून वाईट, जिन्याचं नावही काढत नाही. बहिणीला भेटायला तीच खाली येत होती, मी निघताना तसं म्हणालीच होती. सहा, पाच, चार असे आकडे उतरले. चारवर लिफ्ट थांबली, आणि आम्ही दोघी तीनची वाट बघत उभ्या राहिलो.