नाक्यावरून परत जाणारी बस

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या वस्तीबद्दल लिहायचा अधिकार तिथं आयुष्य काढलेल्या माणसांचा. मी अजून शिकतोय, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि माझी वाक्यं अजूनही परीक्षेतल्या निबंधासारखी येतात. पण ज्यांना सगळं माहीत आहे ती माणसं लिहिणार नाहीत, त्यांना सकाळी कामावर जायचं असतं. म्हणून मी लिहितो. चुकलं तर ते माझ्या नावावर धरा. वस्तीच्या नावावर आधीच बरंच काही जमा आहे.

वस्तीचं नाव मात्र सांगत नाही. नाव वाचलं की नाशिकचा माणूस पुढचं वाचणार नाही, कारण पुढचं त्याला माहीत असतं. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात बाकावरच्या मुलानं मला विचारलं, "राहतोस कुठं?" मी सांगितलं. तो लगेच बॅग छातीशी धरून म्हणाला, "भाऊ, मोबाईल जुना आहे माझा, घेऊन काय करशील?" सगळे हसले. मीही हसलो. मुलगा वाईट नव्हता, पुढं त्यानंच मला इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग शिकवलं. पण तो आमच्याकडे कधी आलेला नव्हता. त्याला माहिती देणाराही आलेला नव्हता.

हे वाईट नाव कसं पडलं, ते मला माझ्यापुरतं समजलं आहे. नदीकाठ मोकळा करायचा म्हणून तिथल्या झोपड्या हलवल्या आणि माणसांना शहराच्या या टोकाला, बंद पडलेल्या खदानीमागं जागा दिली. कुणी पेठ-सुरगाण्याकडचे, कुणी आमच्यासारखे नांदगावचे. चारी बाजूंनी द्राक्षबागा, रस्त्यावर दिवे नाहीत, नाक्यापर्यंत लांब चालत जायचं. खदानीत कुणी काही टाकून गेलं, बागेतून कुणाची मोटर चोरीला गेली, की बातमीत आमच्या वस्तीचं नाव, पुढं 'जवळ' हा शब्द. वाचताना 'जवळ' कुणाच्या लक्षात राहत नाही.

बसचंही तसंच. मी लहान होतो तेव्हा शहर बस वस्तीच्या कमानीतून आत यायची. एकदा बंद पुकारला होता. त्या दिवशी शहरात ठिकठिकाणी बसच्या काचा फुटल्या, आमच्याकडेही एक फुटली. इतर ठिकाणी काच बंदमुळे फुटली. आमच्याकडे ती आमच्यामुळे फुटली. दोन-चार दिवसांत बाकी सगळीकडे बस सुरू झाल्या. आमची नाक्यावरूनच परत जाऊ लागली, ती कायमची.

वर्षं गेली. द्राक्षबागांचे प्लॉट पडले, प्लॉटवर इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या दोन माझ्या वडिलांनी बांधल्या, म्हणजे गवंडी म्हणून. नाक्यापासून वस्तीपर्यंतच्या रस्त्याला आता दोन्ही बाजूंनी फ्लॅट आहेत. त्या लोकांनी आपल्या पत्त्याला नवंच नाव घेतलं. आमची मोठी माणसं त्यावर चिडायची, मला राग येत नाही. रिक्षावाल्यानं आत यावं म्हणून माणूस काय करणार? पण नवं नाव घेऊनही बस त्यांच्याकडेही येत नव्हती. रस्ता तोच होता ना.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण बारावी झाली. तिला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करायचं होतं, आणि गुण बरे पडल्यामुळे शहरातल्या चांगल्या कॉलेजच्या पहिल्याच यादीत तिचं नाव लागलं. तास सकाळी सातचे. म्हणजे अंधारात घरातून निघून नाक्यापर्यंत चालत जायचं. आई फुलबाजारात पहाटेच जाते, तिथंच बसून हार करते. वडिलांना कामावर नेणारा टेम्पो त्याच वेळी येतो. मी सोडलं असतं, पण मला तेव्हाच सिन्नरच्या एका कारखान्यात सहा महिन्यांचं प्रशिक्षण लागलं होतं आणि राहायचंही तिथंच होतं.

"मी शिकू नको म्हणत नाय," वडील म्हणाले. "पण नाक्यापर्यंत तुझ्यासंगं कोण?"

"पप्पा, मी चालत जाईन. सगळे चालतात."

"सगळे बाप्ये चालतात. तुझ्या वयाची कोण चालती, दाखव."

"मग पहिली मी."

"पहिली व्हायची हौस मला नाय. बाहेरून परीक्षा दे. नायतर बस आत आण, मग जा."

बस आत आण, हे त्यांनी रागात म्हटलं होतं. बहिणीनं ते खरं धरलं. प्रवेश घ्यायला थोडेच दिवस होते. फ्लॅटमध्ये एक काका राहतात, एसटीतून निवृत्त झालेले. ती सरळ त्यांच्या दारात गेली. काका म्हणाले, "मी तीन वेळा डेपोत जाऊन आलो बाई. ते म्हणतात पुढं वस्ती आहे." ती म्हणाली, "या वेळी वस्तीलाच बरोबर घ्या ना." आमच्या गल्लीतल्या बाया आणि फ्लॅटमधल्या बाया पहिल्यांदा एकत्र कुठं गेल्या असतील तर त्या डेपोत. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सोमवारपासून सकाळची एक गाडी सोडून बघू. काच फुटली तर त्याच दिवशी बंद.

मला सोमवारी दुपारी सिन्नरला जायचं होतं, म्हणून ती सकाळ मी डोळ्यांनी पाहिली. इतक्या वर्षांनी दारात येणाऱ्या गाडीचं स्वागत करायचं नाही, असं आमच्याकडे कुणाच्या मनातही आलं नाही. आईनं बाजार बुडवून झेंडूचा हार केला, बसच्या तोंडाएवढा. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आरतीची ताटं घेऊन उभ्या. पोरांनी ढोल बाहेर काढले. आणि वडील, जे आठवडाभर "येती का बघू" म्हणत होते, त्यांनी कुणालाही न सांगता फटाक्यांची लांबलचक माळ आणून कमानीखाली पसरली होती.

"पप्पा, हे काय?" बहीण म्हणाली.

"तू गप. लग्नात वाजवतात, मग आज का नाय?"

बस वळणावर दिसली आणि ढोल सुरू झाले. पोरं धावत सुटली, त्यांच्यामागं बाया, सगळ्यांच्या पुढं हार घेतलेली आई. वडिलांनी माळ पेटवली. आता ड्रायव्हरच्या जागी बसून बघा. ज्या वस्तीत जाऊ नको म्हणून तुम्हाला सांगितलंय, तिथून धूर निघतोय, धडाधड आवाज येतोय आणि शंभरेक माणसं तुमच्या दिशेनं पळत येतायत. बस थांबली. मग मागं गेली. इतकी मोठी गाडी रिव्हर्समध्ये इतक्या वेगानं जाते हे मला माहीत नव्हतं.

"अरे थांब की!" आई ओरडत होती. "हार तरी घे रं बाबा!"

शेजारची आजी म्हणाली, "गेला. नवरदेव बोहल्यावरून पळाला." लोक खो खो हसले. मग माळेचे शेवटचे दोन-तीन फटाके वाजले, ढोलवाल्यांचे हात थांबले, आणि काय झालंय ते सगळ्यांना हळूहळू कळलं. वडील कमानीला टेकून उभे होते. हातातली काडेपेटी त्यांनी खिशात टाकली आणि घरात गेले.

दुपार व्हायच्या आत मोबाईलवर फिरू लागलं: अमुक वस्तीत शहर बसवर हल्ला. खाली आमच्या कमानीचा धुरातला फोटो. मला वाटतं, वस्तीला वाईट नाव कसं मिळतं हे मी तेवढ्या वेळात शिकलो. त्यात खोटं बोलणारा कुणी नव्हता. घाबरलेला माणूस होता आणि धूर खराच होता.

मी सिन्नरची गाडी धरायला नाक्यावर निघालो, बहीण सोडायला आली. चहाच्या टपरीवर तोच ड्रायव्हर बसला होता. मी म्हटलं राहू दे, पण ती समोर जाऊन उभी राहिली.

"मामा, सकाळी आत तुम्हीच आला होता ना?"

त्यानं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "आलो व्हतो. पुन्ना नाय येनार. मला घरी दोन लेकरं हायेत."

"ते फटाके होते. आम्ही आरती घेऊन उभे होतो."

"आरती नाय दिसली बाई. आवाज आयकू आला."

"तुम्ही कुठले?"

"सुरगाण्याकडचा."

"तुमच्या गावात पहिल्यांदा एसटी आली तेव्हा काय केलं होतं?"

त्यानं चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "नारळ फोडला. माझ्या बापानं गाडीपुढं लोटांगन घातलं. ड्रायव्हर उतरून त्याच्यावर लय वरडला." आणि हसायला लागला. हसताना त्याचा चहा सांडला. "पर आता माझ्या हातात नाय. वर रिपोर्ट गेला. साहेब ठरवतील. मला इचारलं तर खरं सांगेन."

बहीण म्हणाली, "विचारलं नाही तरी सांगा." आणि माझी गाडी आली.

सिन्नरच्या कारखान्यात मोबाईल गेटवर ठेवून आत जावं लागतं. शिफ्ट सुटली की मी पहिल्यांदा तो घ्यायचो. मंगळवारी काही नाही. बुधवारी बहिणीचा एकच मेसेज, काका पुन्हा डेपोत गेलेत. गुरुवारी आईला फोन केला तर ती म्हणाली, "तुझे पप्पा जेवत नायत नीट. म्हणत्यात माझ्यामुळं गेलं पोरीचं." प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती. त्या रात्री मी ठरवलं, बस आली नाही तर प्रशिक्षण पुढच्या वर्षावर टाकून मीच तिला नाक्यापर्यंत सोडायचं, पण तिला बाहेरून परीक्षा द्यायला लावायची नाही.

शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर पाहिलं तर वडिलांचे चार मिस्ड कॉल. वडील कधी स्वतःहून फोन करत नाहीत. मी गेटवरच उभा राहून लावला.

"कुठं होतास? सकाळपासनं करतोय," ते म्हणाले. "तिचं अ‍ॅडमिशन झालं. मी सोबत गेलो व्हतो."

"कसे गेलात?"

"बसनं."

"नाक्यावरून?"

"नाक्यावरनं कशाला? गाडी आत आली. तोच ड्रायव्हर. त्यानंच वर जाऊन सांगितलं म्हणं, काका म्हणत व्हते. सोमवारपासनं रोज येनार."

 मी विचारलं, बसायला जागा तरी मिळाली का.

"कुठली जागा!" वडील एकदम चिडून बोलायला लागले. "सगळी गाडी फ्लॅटवाल्यांनी भरलेली. परत जाताना जागा मिळावी म्हनून लेकाचे गाडी आत येतानाच चढले, आणि गाडीत बसून आपल्या वस्तीपर्यंत आले. आम्ही दोघं कॉलेजापर्यंत उभ्यानं गेलो."