आणखी एक शून्य

मला जळगावात टिकवलं ते अक्कांनी. काय झालं ते सांगेनच, पण आधी त्यांचं नाव घेतलेलं बरं. नाव म्हणजे तरी काय, सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची.

खुर्चीत बसल्या की त्या पदर कमरेला खोचायच्या, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या किमतीवर बोट टेकवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "अजून एक शून्य टाक व माय."

बोटाचा ठसा काचेवर राहायचा. तो पुसायचं काम माझं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. इंटरनेट गावात नुकतंच आलं होतं आणि तासावर पैसे देऊन लोक ते बघायला येत. मी कुडाळकडची. आठवीनंतर शाळा सुटली. बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून आले आणि सायबर कॅफेत कामाला बसले. कॅफेचे शेठ म्हणाले होते, "महिनाभर बघू. इंग्रजी नाही जमलं तर मग तुम्हीच समजून घ्या." दार उघडलं की गिऱ्हाइकानं काही विचारू नये म्हणून मी आधीच हसून ठेवायची.

अक्का सावद्याच्या. त्यांच्या मालकांचा केळीचा व्यापार होता. माल रेल्वेनं वर उत्तरेत जायचा, त्याच्याबरोबर तेही जायचे, आणि परत येताना तिथल्या जुन्या बाजारातून खेळण्यातल्या आगगाडीचा एखादा भाग घेऊन यायचे. एका हंगामात रूळ, एका हंगामात डबा, एकदा चावीचं हिरवं इंजिन. मालक वारले. गाडी जळगावच्या घरी माडीवर, एका जुन्या दाराच्या फळीवर मांडलेली राहिली. मुलाला ती खोली शिकवणीच्या वर्गाला भाड्यानं द्यायची होती. अशा गाड्यांना इंटरनेटवरच्या लिलावात बरे पैसे येतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं. म्हणून तो आईला घेऊन आमच्याकडे आला.

"विकली जाईपर्यंत राहू दे वर," तो माझ्यादेखत म्हणाला. "विकली की खोली मोकळी करायची, आई. मग कुरकुर नाही."

"नाही करत रे भाऊ."

त्यानं किंमत सांगितली, मी टाकली, तो स्कूटर काढायला बाहेर गेला. तेवढ्यात ते बोट आलं.

"अक्का, एवढ्याला कोण घेईल?"

"तेच त," अक्का म्हणाल्या.

मग आमची दुपार सुरू व्हायची. दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या, हा अक्कांचा छंद झाला. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेक ओळ लावायची. जगातली प्रत्येक गाडी दुर्मीळ होती. प्रत्येक गाडी कोणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावर सापडलेली होती. एका इंजिनाखाली लिहिलं होतं, चालवून पाहिलेलं नाही.

"म्हंजे चालत नाही," अक्का म्हणाल्या.

"तसं नाही लिहिलं, अक्का."

"चालत असतं त पाह्यलं नसतं का त्यानं? घरात इंजिन हाये अन् चावी देली नाही, असा माणूस असते का?"

केळीची फणी उचलायची ती उलटी करून खालून पाहायची, हे त्यांच्या हाताला लागलेलं वळण. पडद्यावरची गाडी उलटी करता येईना म्हणून त्या चिडायच्या. "याची दुसरी बाजू कुठी हाये? इचार त्याले." मी विचारायची. बहुतेकांचं उत्तर यायचं नाही. अक्का समाधानानं मान हलवायच्या. एकामागून एक आम्ही कितीतरी विक्रेत्यांना विचारलं. त्या विचारण्यातच माझी बोटं कीबोर्डवर बसत गेली आणि मोडकं का होईना, इंग्रजी आलं.

स्वतःच्या गाडीची मात्र त्यांनी पोचे पडलेलीच बाजू दाखवली होती. स्टुडिओवाल्याकडून तसेच फोटो काढून आणले होते. कोणी विचारलं, सगळी अस्सल आहे का, तर म्हणायच्या, "नाही म्हण. दोन डबे आमच्या मालकानं डालड्याच्या पत्र्याचे केले, असं लिही." मुदत संपली की गाडी पुन्हा लिलावाला. मुलगा शनिवारी विचारून जायचा. "भाव मोडलाय, गिऱ्हाईक नाही," असं अक्का त्याला केळीसारखंच सांगायच्या.

महिना भरला आणि शेठनं एक इंग्रजी बोलणारा मुलगा बघून ठेवला. मी पिशवी भरायला घेतली होती. अक्का खुर्चीतून उठल्या नाहीत.

"मंग मी कोनाजोळ बसू?" त्यांनी शेठला विचारलं.

"तो शिकवेल ना तुम्हाला, अक्का. हुशार आहे."

"हुशार माणूस मले घाई करते. ही नाही करत. ही नसली त मी समोरच्या दुकानात जाईन, अन् माह्या भिशीतल्या बठ्ठ्या बाया बी तिकडंच येतीन."

भिशीतली एकही बाई तोवर आमच्याकडे आलेली नव्हती. पण शेठनं हिशेब केला असावा. मी राहिले. त्या दिवशी अक्कांनी डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता. डोळ्यांतलं पाणी ठेच्यावर ढकलता आलं.

मग एक मेल आला. दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका गावाहून, कोणा गृहस्थाचा. किमतीबद्दल त्यात काही नव्हतं. लहानपणी आमच्या घरी एक गाडी होती, त्यानं लिहिलं होतं. ती दिसायला कशी होती हे आता आठवत नाही, फक्त आवाज आठवतो. तुमची कशी वाजते?

मी वाचून दाखवलं. अक्कांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "चाल, घरी चाल."

दुपारी वीज नव्हती. माडीवर खिडक्या लावलेल्या, फटींतून उन्हाच्या पट्ट्या फळीवर पडलेल्या. अक्कांनी चावी दिली. हिरवं इंजिन उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात फिरू लागलं. मी वाढले तेव्हा आमच्या गावाकडे रेल्वे नव्हती. पहिली आगगाडी बघितली ती इकडे येतानाच, आणि तेव्हा भीतीनं डोळे मिटलेले होते. ती नीट बघितली ती इथे. इवल्याशा डब्यांतून कोणीतरी कुठे तरी चाललं आहे, आणि कोणालाच उतरायचं नाही, असं वाटत राहिलं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. रुळाच्या एका सांध्याशी गाडी अडखळायची, अक्का न बघता बोट लावायच्या.

"लिही," त्या म्हणाल्या.

टिकटिकटिक, मग खर्रर्र, मग सांध्यावर टुक्. यातलं काहीच शब्दकोशात नव्हतं. मी आवाजच इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवला.

दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं. आमची अशी वाजत नव्हती, टुक् तर नव्हतंच. पण तुम्ही ऐकून सांगितलंत. ही गाडी मला हवी आहे. परवडेल असं काही सांगाल का? आणि कधी इकडे आलात तर येऊन ऐका.

अक्कांनी पदर कमरेला खोचला. नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. किंमत तशीच ठेवली असती, तर तो आपोआप गेला असता आणि खोली राहिली असती.

"खोटं बोलला असता त आमची बी अशीच वाजे म्हनला असता," अक्का म्हणाल्या. मग बोट काचेवर आलं. "काढ शून्य."

"किती काढू?"

"मी थांब म्हनेपर्यंत काढत जा."

मी एक काढलं. मग आणखी एक. त्यांचं बोट काचेवरून हललं नाही. मी घाबरून मागे वळले.

"अक्का, खोली जाईल."

"माहीत हाये व माय. काढ."

केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून आम्ही डबे खोक्यात भरले, दुसरं काही त्यांना पटेना. पुढच्याच आठवड्यात माडीवर शिकवणीची बाकं चढली. अक्कांना कॅफेत यायचं कारण उरलं नाही. तरी काही दिवस त्या येऊन बसल्या, मग लेकीकडे धुळ्याला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. तुम्हीही असं एखादं माणूस बघितलं असेल, जे उठून गेल्यावर खुर्ची ओढून घ्यायला आपला हात धजत नाही.

शेठनं पुढे दुसरं दुकान काढलं, तेव्हा ते मला सांभाळायला दिलं. मी अजून इकडेच आहे.

त्या गृहस्थाचा पत्ता मी जपून ठेवलाय. त्याच्या गावाला डोंगर चढत जाणारी खरीखुरी छोटी गाडी आहे म्हणतात. अक्का, एकदा मी धुळ्याला येईन, तुम्हाला घेईन, त्या गाडीत खिडकीशी बसवीन आणि त्याच्या दारात नेईन. तिकिटं माझी. आपल्या रुळाच्या सांध्यावर बोट तेवढं तुम्ही लावा.