पानाच्या डब्यातलं रेकॉर्डिंग

दिवाळी झाली की आक्का आणि दाजी ऊसतोडीला जातात. थोरली बहीण फडात उसाच्या मोळ्या वाहते आणि मी कॉलेजच्या ऑफिसात पंख्याखाली बसतो, हे मला दरवर्षी टोचतं. म्हणून या वर्षी तिनं काही मागितलं तेव्हा मी एका पायावर तयार झालो.

तिला अण्णांच्या गोष्टी हव्या होत्या, संध्याकाळी फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत ऐकायला. आमच्या वडिलांचा आवाज आता फार बारीक झालाय. गेल्या वर्षी मोबाइलवर रेकॉर्ड करून दिलं, तर म्हणाली, "आरं, अण्णा कुठं हायत ह्यात? नुसता पंखाच बोलतोय."

माइकचा अशक्त आवाज मोठा करणारा प्रीअँप विकत मिळतो. पण मला स्वतः करायची हौस. एक आयसी, थोडे रेझिस्टर, बॅटरी. स्वयंपाकाच्या ओट्यावर जोडणी झाली. सुरू केलं, तर अण्णांच्या मागं अखंड 'गुंऽऽ'. घरातल्या वायरिंगची गुणगुण आत शिरत होती. ती अडवायला सर्किट धातूच्या डब्यात ठेवून एक तार डब्याला जोडावी लागते. मी बायकोच्या माहेरचा, तिचं नाव कोरलेला स्टीलचा डबा घेतला.

तिथंच फसलो. स्टीलवर तार चिकटवायला वितळवलेलं माझं साधं सोल्डर धरेना. थेंब अळवावरच्या पाण्यासारखे घरंगळत होते. तार बोटानं दाबली की गुणगुण बंद, सोडली की चालू. तार स्क्रूनं आवळावी म्हणून भोक पाडायला गेलो, तर ड्रिलचं टोकच मोडलं. बायकोनं डबा उचलून नेला.

आक्का निरोप घ्यायला वडवणीला आमच्याकडं आलेली होती. पहाटे टोळीचा ट्रॅक्टर निघणार, त्यामुळं संध्याकाळच्या गाडीनं तिला सासरी शिरूर कासारला परतायचं होतं. आता नाही तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही.

पितळेला सोल्डर छान धरतं. घरात पितळेची एकच झाकणाची वस्तू होती: अण्णांचा पानाचा डबा. आई होती तोवर चिंचेनं घासून तो लखलखीत ठेवायची. अण्णा अंघोळीला गेले. मी पानं-सुपारी पेपरवर ओतली, खिळा ठोकून डब्याला भोकं पाडली, तार जोडली. गुणगुण गेली. बाहेरच्या शेळीचं रवंथसुद्धा ऐकू येईल इतकं साफ.

पण पान लावल्याशिवाय अण्णा गोष्ट सुरू करत नाहीत, हे मी विसरलो होतो. माइकसमोर बसून त्यांनी सवयीनं उशाकडं हात नेला.

"डबा कुठं गेला?"

त्यांना डब्यातून निघालेल्या वायरी दिसल्या.

"आरं मुडद्या, तुज्या आईनं सांभाळला ह्यो! भोकं कावून पाडली?"

"अण्णा, ते आवाजासाठी..."

"तुज्यापरीस त्यो धारूरच्या घाटात बसलेला बैल शाना व्हता!"

"कसा बसलता ओ त्यो?" आक्कानं हळूच विचारलं आणि मला डोळ्यांनी बजावलं, रेकॉर्डिंग बंद करू नको.

"कसा म्हंजे? आडवा!" म्हणत अण्णा सुरू झाले. मधूनमधून मला शिव्या, मधूनमधून बैल. गाडीची वेळ होईस्तोवर थांबले नाहीत.

पंधरवड्यानं फडावरून फोन आला. "लई साफ आलंय रं. बाया म्हणतेत, शिव्यांचं पुन्यांदा लाव."

ते ऐकून मला धीर आला. मी अण्णांना नवा डबा आणला होताच; आता माफीही मागितली. आधी विचारायला हवं होतं, म्हणालो.

"इचारलं असतंस तर दिला नसता," अण्णा म्हणाले आणि नव्या डब्याचं झाकण घट्ट बसतं का ते पाहू लागले.