एक उघडी ओळ

इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीहून देऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. मूळची वसईची, हॉटेलच्या रिसेप्शनवर कामाला. नाव मी कधी विचारलं नाही. खोल्यांच्या की-कार्डांच्या रिकाम्या पाकिटांवर तिने जपानी शब्द लिहिले होते. ती पुटपुटायची, पाकीट उलटून मराठी अर्थ बघायची आणि चुकलं की अंगठ्याचं नख चावायची. मला आधी त्या पुटपुटण्याचा वैतागच यायचा.

"जपानला नोकरी बघताय?" मी एकदा विचारलं.

"नाही हो. भाऊ बोटीवर होता. तिथल्या बंदरात कोसळला, अ‍ॅम्ब्युलन्समध्येच गेला. त्या अ‍ॅम्ब्युलन्सची नोंद मी तिथल्या नगरपालिकेकडे मागितलीय. सगळं त्यांच्याच भाषेत लागतं." तिने एक पाकीट पुढे केलं. "कायजी. म्हणजे उघड करणं."

त्या दिवसापासून तिचा मोबाइल वाजला की मीही दचकायचो.

"येईल उत्तर, इन्शाल्ला," म्हणत ती पुन्हा नखाकडे वळायची.

परवा ती पाकिटांशिवाय आली. उत्तर आलं होतं. मोबाइलवर पानंच्या पानं काळ्या शाईने झाकलेली.

"याला कुरोनुरी म्हणतात," ती म्हणाली. "हा शब्द मी पाठच केला नव्हता."

मध्ये एकच ओळ उघडी ठेवली होती. त्यावर बोट ठेवून तिने अडखळत वाचलं, "पेशंटने पाणी मागितलं."

"मग?"

तिचं बोट खालच्या काळ्या पट्टीवर सरकलं. आमचा स्टॉप आला, तरी ते तिथून हललं नाही.